बुडालेल्या माणसाची सही (जुनं प्रकरण, निवृत्त पोलीसकाका आणि एक प्रश्न)

खाजणकाठी
मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचं गाव दाभोळच्या खाडीत आत, दापोली तालुक्याच्या बाजूला. नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनी कृपया गप्प बसावं.

चाळीसेक वर्षांपूर्वी गावातला एक तरुण रात्रीचा होडी घेऊन खाडीत गेला तो परत आलाच नाही. दुसऱ्या दिवशी रिकामी होडी खालच्या अंगाला कांदळात अडकलेली मिळाली, प्रेत कधीच मिळालं नाही. पोलिसांत मिसिंग नोंदली गेली आणि तिथेच राहिली. गावाने मात्र आपला निकाल लावून टाकला होता: जमिनीसाठी थोरल्या भावाने काटा काढला. थोरला हे ऐकत ऐकतच म्हातारा झाला आणि गेला.

हरवलेल्या माणसाची मुलगी मुंबईत असते. वडील गेले तेव्हा ती मांडीवरची होती. मध्यंतरी महामार्गामुळे आमच्याकडे जमिनींना भाव आला, तेव्हा तिने ऑनलाइन सातबारा काढला आणि मग जुने फेरफार मागवले. एका फेरफारात तिच्या वडिलांचं नाव नोंदणीकृत हक्कसोडपत्राने कमी झालेलं. त्या दस्ताची तारीख वडील बुडाल्यानंतर दोन वर्षांनी! म्हणजे बुडालेला माणूस दुय्यम निबंधकासमोर हजर राहून सही ठोकून गेला.

तिने पोलिसांच्या आधी आमच्या वाडीतल्या एका काकांना गाठलं. काका मुंबई गुन्हे शाखेतून निवृत्त झालेले, नंतर खासगी तपासाची कामं घेतात. म्हणजे लग्नाआधीची चौकशी, विम्याचे खोटे दावे वगैरे. त्यांनी हे प्रकरण सोडवलं. कसं ते लिहितोच.

पण आधी प्रश्न. असं जुनं प्रकरण खासगी माणसाने उकरून काढणं कायद्यात बसतं का? आणि हाती लागेल ते पोलिसांना द्यायलाच हवं का? आमच्या घरात यावरून दोन तट पडलेत.

बंड्या_गुहागरी
पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). अशा जागी कुणी थांबतं का हो?

पुणेकर_अस्सल
थोरल्याने तोतया उभा केला, दुसरं काय. यात सोडवायला काय होतं?

वकीलीणबाई
पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे खासगी गुप्तहेरांसाठी वेगळा कायदाच नाही. २००५ चा कायदा आहे तो खासगी सुरक्षा यंत्रणांसाठी, रखवालदार पुरवणाऱ्यांसाठी. डिटेक्टिव्ह एजन्सींसाठी २००७ साली राज्यसभेत विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे परवाना नाही, बंदी नाही आणि अधिकारही नाहीत. तुमचे काका कायद्याच्या नजरेत तुमच्याआमच्यासारखे साधे नागरिक. लोकांशी बोलू शकतात, सार्वजनिक कागद मागू शकतात. झडती, जप्ती, समन्स यातलं काही नाही. फोनचे सीडीआर (कुणी कुणाला फोन केला त्याच्या नोंदी) मिळवणं तर सरळ गुन्हा. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी त्यावरूनच खासगी डिटेक्टिव्हांना अटक केली होती.

दुसऱ्या प्रश्नासाठी आधी गोष्ट पूर्ण सांगा. गुन्हा होता की नव्हता यावर सगळं आहे.

तात्या_मालवणी
ह्या सगळा बरा, पण कौल लावलो की नाय? आमच्याकडे माणूस हरवलो तर आधी देवळात, मगे पोलीस ठाण्यात.

खाजणकाठी
तात्या, लावला होता ना! देवाने सांगितलं, दक्षिणेला आहे.

शंकासूर
कोकणातून दक्षिणेला अर्धा हिंदुस्थान आहे.

एक गंभीर शंका. चाळीस वर्षांनी पुरावा कसला उरतो? आमच्याकडची जांभ्याची माती आम्लधर्मी, हाडंसुद्धा टिकत नाहीत तीत. साक्षीदार मेलेले. जे जिवंत आहेत त्यांना आठवत नाही, आणि ज्यांना आठवतं ते गावाने रंगवलेली गोष्ट सांगतात.

सई_कॅलिफोर्निया
इथे २०१८ साली सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या खुनांचा आरोपी सापडला, वंशावळीच्या वेबसाइटवर डीएनए टाकून. लांबचे चुलत नातेवाईक मिळाले आणि त्यावरून झाड उलटं उतरत माणसापर्यंत पोचले. जो तपास अधिकारी वर्षानुवर्षं मागे लागला होता, तो निवृत्तीच्या तोंडावर होता. आरोपी स्वतः माजी पोलीस निघाला. आपल्याकडे असं काही होईल का?

वकीलीणबाई
सई, इतक्यात नाही. डीएनए तंत्रज्ञानाचं २०१९ चं विधेयक २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं.

शंकासूर
डीएनए लांबच राहू दे. २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोदे खुर्दजवळ अवशेष सापडले होते ते आठवा. ते कुणाचे हे २०१५ पर्यंत कुणाला कळलं नाही. धागा मिळाला तोही भलत्याच गुन्ह्यात एकाला अटक झाली म्हणून. हाती अवशेष असून ही गत, इथे तर प्रेतच नाही.

संपादक
त्या खटल्याविषयी यापुढे नको, धागा भरकटेल. गागोदे विनोबांचं जन्मगाव आहे, त्यावर हवं तर बोला.

बंड्या_गुहागरी
संपादकांनीच भरकटवला :हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

प्रेत न मिळण्याचं म्हणाल तर खाडीत ते नवल नाही. २ ऑगस्ट २०१६ ला महाडजवळ सावित्रीवरचा पूल गेला तेव्हा काही मृतदेह पार हरिहरेश्वर, आंजर्ल्याच्या किनाऱ्याला लागले होते. किती अंतर ते नकाशात बघा. ते ऐन पावसातलं पाणी होतं हे मान्य. पण माणूस बुडाला एकीकडे आणि लागला दुसऱ्या तालुक्यात, हे आमच्याकडे घडतं. तिकडे मग बेवारस म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि हे दोन कागद एकमेकांना कधी भेटत नाहीत.

निवृत्त_फौजदार
बंड्याभाऊ अगदी बरोबर. मी रायगड-रत्नागिरीत नोकरी काढली आहे. मिसिंगचं रजिस्टर एका ठाण्यात आणि अकस्मात मृत्यूचं दुसऱ्या, मध्ये खाडी. त्या काळी वायरलेसवर वर्णन जायचं, "उंची पाच फूट पाच इंच, रंग सावळा, अंगात बनियन". निम्मं कोकण त्या वर्णनात बसतं.

आणि एक. लोकांना वाटतं फाईल बंद म्हणजे बंद. गुन्हा दाखल होऊन आरोपी न सापडल्यास कोर्टाकडून अ समरी मिळते, म्हणजे खरा पण तपास न लागलेला. खोटी तक्रार असली तर ब, गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची असली तर क. पण नवीन काही मिळालं तर पुढचा तपास करायची सोय जुन्या फौजदारी संहितेत १७३(८) मध्ये होती, नवीन संहितेतही आहे. खुनाला मुदत लागत नाही. या प्रकरणात मात्र गुन्हाच दाखल दिसत नाही, नुसती मिसिंग. ती तर पडूनच राहते.

काकांनी जुने कागद कुठून मिळवले, हे मला ऐकायचंय.

खाजणकाठी
माहितीच्या अधिकारातून. मुलीच्या नावाने अर्ज केला. आधी नकार आला, तपासात बाधा येईल म्हणून. काकांनी अपिलात २००५ च्या कायद्याचं कलम ८(३) दाखवलं. वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती, दोनतीन अपवाद सोडले तर, द्यावी लागते. त्यावर वाळवीने कडा खाल्लेले चार कागद मिळाले, त्यात थोरल्या भावाचा जबाब होता. मतलब असा: "रात्री जेवणं उरकल्यावर साडेनऊच्या सुमारास माझा धाकटा भाऊ मासे मारण्यासाठी घराखालच्या पऱ्यातून (ओढ्यातून) होडी घेऊन गेला. मी त्यास काठापर्यंत सोडण्यास गेलो होतो."

काकांनी मग गावात मुक्काम टाकला. चौकशी म्हणून काही नाहीच. या ओटीवर बस, त्या ओटीवर बस, कुणाच्या सुपाऱ्या सोलायला हात लाव. त्यांचं म्हणणं, वर्दीत होतो तेव्हा लोक मला हवं ते सांगायचे, आता त्यांना हवं ते सांगतात आणि तेच जास्त कामाचं असतं. "त्या रात्री काय झालं?" असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. थोरल्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वाडीच्या आजीला, त्यांनी विचारलं, "त्या दिवशी घरात काय केलं होतंत?" आजी म्हणाली, मोदक. संकष्टी होती. मामंजी चंद्र उगवेस्तोवर तोंडात पाणी घालत नसत, म्हणून सगळीच पंगत उशिरा बसली.

जबाबावरची तारीख आणि पंचांग काकांनी ताडून पाहिलं. पौष वद्य चतुर्थी. जुळलं.

आता दर्याकाठचे जे कोणी असतील त्यांनी सांगा, काकांना काय खटकलं असेल?

मीनल_आर
संकष्टीला मासे मारायला??

खाजणकाठी
मीनल, हेही बरंच आहे! पण आमच्याकडे उपास म्हाताऱ्यांचे, होडी तरुणांची.

दर्यावर्दी
आलं लक्षात. पाणीच नव्हतं.

साधा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे चार, पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, पहाटे तीन-साडेतीनला पुन्हा भरती. मधोमध नऊला पुरी सुकती, म्हणजे ओहोटी. हिशोब नको असेल तर वर बघा: आपल्या किनाऱ्याला चंद्र उगवतो तेव्हा सुकती असते, डोक्यावर येतो तेव्हा भरती. संकष्टीला चंद्र बघून जेवलात म्हणजे सुकतीलाच जेवलात. पौर्णिमेपासून चौथा दिवस, उधाणाचा जोर अजून पुरता ओसरलेला नसतो, म्हणजे पाणी उतरतंही खोल. त्या वेळी घराखालच्या पऱ्यात गुडघाभर चिखल असणार. होडी कोरडी. चार माणसांनी ओढली तरी हलायची नाही.

बंड्या_गुहागरी
बाबो. म्हणजे जबाब खोटा!

निवृत्त_फौजदार
दर्यावर्दी, नमस्कार घ्या. पण एक आडवा प्रश्न. तुमचा हिशोब समुद्रावरचा. खाडीत आत भरती-ओहोटी उशिरा पोचते. गाव आत असेल तर तास-दीड तासाचा फरक सहज पडतो.

दर्यावर्दी
पडतो ना. पण उशिरा पोचते म्हणजे सुकती नऊऐवजी दहाला. साडेनऊला पाणी अजून उतरतंच आहे. फरकाने जबाब आणखीनच अडचणीत येतो.

पावसाळा असता तर वेगळी गोष्ट, वरून पऱ्याचं पाणी येतं. पौषात पऱ्यात काय असतंय, खेकडे. अष्टमीचा भांग असता तरीही मी दोनदा विचार केला असता, भांगाला पाणी फारसं चढतही नाही, उतरतही नाही. पण चतुर्थी? नाही.

पुणेकर_अस्सल
मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं. थोरल्याने मारला, पहाटेच्या भरतीला होडी सोडून दिली, दोन वर्षांनी तोतया. धागा बंद करा.

खाजणकाठी
पुणेकर, काकांनाही आधी असंच वाटलं असं ते म्हणाले. होडी सुटली ती पहाटेच्या भरतीला, आणि थोरला खोटं बोलला, इथपर्यंत पक्कं.

मग ते हक्कसोडपत्राकडे वळले. त्याची नक्कल काढली.

शंकासूर
अंगठा जुळवला असेल. आधीच सांगतो, नकलेवरच्या झेरॉक्समधून ठसा जुळवणं म्हणजे विनोद आहे.

खाजणकाठी
काकांचंही हेच मत, अंगठ्याच्या नादी ते लागलेच नाहीत. त्यांनी दस्ताचं शेवटचं पान बघितलं. तिथे दोन ओळखदार असतात. "लिहून देणार यास आम्ही ओळखतो" म्हणून सही करणारे. काका म्हणाले, तोतया उभा करायचा तर ओळखदार आपल्या खिशातले घेतात, कचेरीच्या दारातले नाहीतर गावातले पिणारे. इथे एक ओळखदार तालुक्याचा होता. दुसऱ्याचा पत्ता रत्नागिरी, मिरकरवाडा.

दापोलीच्या खाडीतल्या भाताच्या तुकड्यासाठी मिरकरवाडा बंदरावरचा माणूस इतक्या लांब ओळख पटवायला कशाला येईल? थोरल्याचा तिकडे काही संबंध नव्हता.

काका मिरकरवाड्याला गेले. तो ओळखदार बोटमालक होता, वारला. त्याचा मुलगा बोट चालवतो. काकांनी मुलीने दिलेला वडिलांचा लग्नातला फोटो पुढे केला. त्याने आपल्या आईला हाक मारली. आई आली, फोटो बघितला आणि नाव सांगितलं. खोटं नाव नाही, खरं नाव.

मीनल_आर
अंगावर काटा आला.

तात्या_मालवणी
दक्षिणेक! देवान सांगितल्यान ता! आता देवाचा बिल कोण देतला?

शंकासूर
देवाने मिरकरवाडा म्हटलं असतं तर मी स्वतः नारळ ठेवला असता.

पुणेकर_अस्सल
म्हणजे जिवंत होता?

खाजणकाठी
होता. मिरकरवाड्याला खलाशी म्हणून काही वर्षं काढली, मग आणखी खाली कर्नाटकच्या बंदरावर गेला. तिथेच वारला. तिथल्या मृत्यूनोंदीचा दाखला काकांनी आणला. वडिलांचं नाव आणि मूळ गाव दोन्ही जुळतं.

तो त्या दिवशी दुपारच्या भरतीला शेवटच्या तरीतून (खाडी ओलांडणाऱ्या होडीतून) पलीकडे उतरला आणि चालत निघून गेला. थोरल्याला माहीत होतं. होडी थोरल्याने पहाटे सोडली. "बुडाला" म्हटलं की कुणी शोधत नाही, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. दोन वर्षांनी धाकटा हिस्सा सोडून द्यायला एकदाच आला तो थेट तालुक्याला. गावात पाऊल ठेवलं नाही.

तो का गेला ते मी लिहिणार नाही. आजीने काकांना सांगितलं, काकांनी मुलीला. तो तिचा विषय.

बंड्या_गुहागरी
थोरल्याने चाळीस वर्षं खुन्याचा शिक्का कपाळावर घेतला आणि एक शब्द बोलला नाही??

मीनल_आर
मला उलट राग येतोय. मांडीवर पोर असलेली बायको मागे टाकून गेला, तिने ना कुंकू लावायचं ना पुसायचं अशा अवस्थेत आयुष्य काढलं. थोरल्याने निदान तिला तरी सांगायला हवं होतं. त्याचा कसला त्याग? त्याला बदल्यात अख्खी जमीन मिळाली.

खाजणकाठी
मीनल, घरात जे दोन तट म्हणालो ते हेच. माझी आई तुझ्या बाजूची.

निवृत्त_फौजदार
मीनलताईंचा मुद्दा रास्त आहे. पण काकांच्या कामाबद्दल दोन शब्द. तोतयाचा संशय त्यांनी उराशी धरला असता तर ते कचेरीच्या दारातल्या लोकांमागे वर्षभर फिरले असते. त्यांनी पत्ता वाचला. आम्ही नोकरीत असताना शेवटचं पान कधी वाचत नव्हतो, पंचनाम्यावर पंचांची नावं असतात ना, ती फक्त समन्स काढायला.

वकीलीणबाई
आता दुसऱ्या प्रश्नावर. खुनासारख्या काही गुन्ह्यांची माहिती असेल तर ती पोलिसांना देणं प्रत्येक नागरिकावर बंधनकारक आहे, जुन्या संहितेचं कलम ३९. पण इथे खूनच नाही. सज्ञान माणूस घर सोडून गेला, तो गुन्हा नव्हे. थोरल्याने पोलिसांना खोटी माहिती दिली हा गुन्हा होता, पण तो मेला आणि मुदतही केव्हाच संपली. काकांनी ठाण्यात जायलाच हवं होतं असं नाही. मुलीने मात्र मृत्यूचा दाखला देऊन मिसिंग निकाली काढून घ्यावी, हे माझं मत. आईची पेन्शन, बँक, वारस, कुठे ना कुठे तो कागद आडवा येतो.

सात वर्षं ठावठिकाणा नसला की मृत्यू गृहीत धरतात, हे १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम १०८, १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष्य अधिनियमात १११. पण त्यासाठी कोर्टातून जाहीर करून घ्यावं लागतं, आपोआप काही होत नाही. इथे तर खरा दाखलाच हातात आहे.

आता कडू भाग. मुलीला कळलं का, की या शोधामुळे तिचा जमिनीवरचा दावा गेला? दस्त तोतयाचा निघता तर तो रद्द करून वडिलांचा हिस्सा मागता आला असता. सही खरी निघाली म्हणजे हक्कसोड खरी. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आहे, पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विल्हेवाट ती उलटवत नाही.

शंकासूर
म्हणजे पैसे मोजून स्वतःचीच केस हरली.

खाजणकाठी
वकीलीणबाई, काकांनी मिरकरवाड्याला निघण्याआधीच तिला हे फोनवर सांगितलं होतं. "इथे थांबलो तर दस्तावर वाद घालायला जागा आहे, पुढे गेलो आणि तो जिवंत निघाला तर जागा नाही. काय करू?" ती म्हणाली, जा.

बंड्या_गुहागरी
काकांनी फी किती घेतली?

खाजणकाठी
पूर्ण घेतली. पावतीही दिली.

पुणेकर_अस्सल
काकांचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्या सोसायटीत एक पार्किंगचं प्रकरण आहे.

मीनल_आर
खाजणकाठी, मिसिंगचं पुढे काय ठरलं?

खाजणकाठी
मुलगी पुढच्या आठवड्यात दाखला घेऊन ठाण्यात जातेय. आजीला सोबत येते म्हणाली, पण तिचे गुडघे. बहुतेक माझी आई जाईल. हो, तीच, भांडणारी.

सई_कॅलिफोर्निया
दर्यावर्दी, ते तिथीची पाऊणपट वेगळ्या धाग्यावर नीट लिहा ना. पौर्णिमेला काय येतं? एकादशीला?

दर्यावर्दी
एकादशी सव्वाआठ, पौर्णिमा सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आसपास जाते. हिशोब ढोबळ आहे, तीसचाळीस मिनिटं इकडेतिकडे होतात. आमच्यासारख्यांना पाणी दिसतं म्हणून चालून जातं. तुम्ही मुरूड-कर्द्याला आलात तर छापील तक्ता बघा किंवा किनाऱ्यावर कुणाला विचारा, आणि गाडी वाळूत उतरवू नका. गेल्या सुट्टीत एकाची रुतलेली आम्ही ट्रॅक्टरने काढली, तोही मला तिथी सांगत होता.